सोसणाऱ्यांचं घर

आमच्या घरात दिवसातून सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं क्रियापद म्हणजे ‘सोसणे’. जेवणं, निजणं, उठणं ही कामं न बोलताही होत. सोसणं मात्र कुणीतरी कुणाला तरी सांगावंच लागे. थंडीत थंडी सोसायची, चुलीपुढं धूर सोसायचा, पायात काटा मोडला तर हातातलं काम संपेपर्यंत तो सोसायचा, आणि कुणी टाकून बोललं तर तेही गिळून टाकायचं. सांगणारी बहुतेक वेळा सखूआत्या असे. ती माझ्या वडलांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच विधवा होऊन ती माहेरी परत आली होती, आणि वडलांना तिनंच लहानाचं मोठं केल्यामुळं घरात तिचा शब्द खाली पडत नसे. गंमत अशी की ‘सोसत नाही’ असंही आमच्याकडं बोललं जाई, पण ते फक्त मेंढरांबद्दल. गाभण मेंढीला दवातलं गवत सोसत नाही, कोवळ्या कोकराला गार वारा सोसत नाही, असं आत्या म्हणे, आणि मग त्या मेंढीची, त्या कोकराची वेगळी सोय केली जाई. माणसाला काही सोसत नाही असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हटलं असतं तरी त्याची सोय कुठं करणार होते, कोण जाणे.

धावडा गावाच्या शिवारात आमची थोडी कोरडवाहू जमीन होती, पण घराचा जीव मेंढरांत होता. ज्वारी निघाली की वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, कळप घेऊन डोंगराकडच्या शेतांत जात. शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत, आणि आबांचा मुक्काम आज या रानात तर उद्या त्या रानात पडे. घरी आम्ही चौघं उरायचो: आत्या, माय, मी आणि माझा धाकटा भाऊ केशव. त्याला सगळे केशाच म्हणायचे. सकाळी जाग यायची ती मायच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. मायला बोलायची फार सवय नव्हती, तिची भाकरीच काय ती बोले. रोज नसली तरी चार दिवसांआड येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी व्हायची, आणि तिच्या वासानं केशा ओसरीवरून आत पळत यायचा. भाकरी कुस्करून, वर आमटी ओतून, नाकातून पाणी गळेपर्यंत खायचा. आजही माझ्या घरात येसर असतं, सून बाजारातून पाकीट आणते, पण ते फोडणीत पडलं की माझ्या पोटात आधी भूक येत नाही, आधी भीती येते. त्याचं कारण त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी जे झालं त्यात आहे.

आमच्याकडं दुखण्यावर डाग द्यायचे. मेंढरू लंगडलं, सुजलं की तापलेल्या सळईनं त्याला डागत, आणि तीच रीत माणसांनाही लागू होती. कावीळ झाली तर मनगटावर, पोट दुखलं तर बेंबीच्या आजूबाजूला. हे काम गावात सखूआत्याच्या हातचं. तिचा हात हलका आहे, डाग बरोबर जागी पडतो, असं लोक म्हणत आणि आपली पोरं उचलून आमच्या दारात आणत. सळई चुलीच्या मागं, भिंतीतल्या खुंटीला टांगलेली असायची. लांबीला हातभर, टोकाला जराशी वाकलेली. आत्या ती खुंटीवरून काढी तेव्हा भिंतीला घासून एक बारीक आवाज व्हायचा, आणि त्या आवाजानं मी कुठं असेन तिथं जागच्या जागी थिजायचे. मी जन्माची भित्री. माझ्या पोटावर दोन डाग आहेत, लहानपणी जंत झाले होते तेव्हाचे. त्या दिवशी मी ओरडले होते आणि आत्या नंतर कित्येक दिवस आल्यागेल्याला हसून सांगत होती, की ही पोरगी आमच्या घरची वाटतच नाही. डागाची आग चार दिवसांत गेली, ते हसणं मात्र फार दिवस आत राहिलं.

आत्या दुष्ट होती असं कुणाला वाटू नये. केशा तिचा श्वास होता. जत्रेतून येताना तिच्या पदराच्या गाठीत त्याच्यासाठी खारका असायच्या, आणि त्या ती मला दिसणार नाहीत अशा बेतानं त्याच्या हातावर ठेवायची. तिच्या स्वतःच्या पोटावर किती डाग होते ते मी नहाणीघरात पाहिलं होतं. मोजता आले नसते. तिला खरंच वाटायचं की दुखणं म्हणजे अंगात शिरलेलं काहीतरी, आणि त्याच्यापेक्षा मोठी आग लावली की ते पळून जातं. माणसानं फक्त ओरडायचं नाही, कारण ओरडलं की दुखण्याला जोर येतो. केशा या बाबतीत तिचा लाडका चेला होता. पडला, खरचटला, काही झालं तरी ओठ दाबून उभा राहायचा आणि आधी आत्याकडं बघायचा.

एका सकाळी आम्ही दोघं मेंढवाड्यात लेंड्या गोळा करत होतो. मागं राहिलेली चार-दोन कोकरं आमच्या पायात घोटाळत होती. केशा मध्येच खाली बसला आणि उठेना. मी आधी रागावले, मला वाटलं कामचुकारपणा करतोय. मग त्याचा चेहरा पाहिला. बेंबीपाशी दुखतंय म्हणाला, काल संध्याकाळपासून. मी आत्याला सांगते म्हणून वळले, तर त्यानं माझ्या परकराचं टोक धरलं. आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. “मायची शप्पत हाय तुला,” तो म्हणाला, “सांगू नको. ती सळई काढंल.” मी शप्पत घेतली. मला सळईची त्याच्याइतकीच भीती वाटत होती, त्यामुळं शप्पत घेणं जड गेलं नाही.

पण लपतंय कुठं? दुपारी येसराची आमटी होती आणि केशानं भाकरी कुस्करून तशीच ठेवली. माझ्याकडं बघून त्यानं एक घास कुत्र्याकडं टाकला, पण आत्याची नजर ताटावरच होती. तिनं त्याला जवळ ओढलं, सदरा वर केला, पोटावर बोटं फिरवली. मग ती उठली आणि भिंतीला घासल्याचा तो आवाज झाला. लेकराला धरायला दोन माणसं लागत. मायनं हात धरले. पाय मी धरावेत असं आत्यानं मला खुणेनं सांगितलं. चुलीत सळईचं टोक लाल होईपर्यंत आम्ही तिघं तसेच बसलो होतो, आणि केशाचे घोटे माझ्या पंजात होते. आत्या त्याच्या कानाशी लागून अगदी लाडानं म्हणाली, “सोस माझ्या राजा. एकदा सोसलं की गेलं.” मी डोळे मिटून घेतले. जळक्या कातड्याचा वास आला, आवाज मात्र आला नाही. केशा ओरडला नाही. डोळे उघडले तेव्हा त्याच्या खालच्या ओठातून रक्त येत होतं.

आत्यानं त्याला कुशीत घेतलं, डागावर तूप लावलं, खारीक दिली. अंगणात आलेल्या बायकांना तिनं कौतुकानं सांगितलं, की लेकरानं हूं का चूं केलं नाही. आणि जाता जाता असंही सांगितलं, की परवापर्यंत फरक पडला नाही तर दुसरा डाग खालच्या अंगाला द्यावा लागतो, तो जरा खोल. हे केशानं ऐकलं. मीही ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं विचारलं तेव्हा तो उठून बसला आणि हसत म्हणाला, की गेलं, बिलकुल दुखत नाही. आत्यानं खुंटीवरच्या सळईला हात जोडले. सगळ्या घराला वाटलं डाग लागू पडला. दुखणं गेलं आहे आणि पोरगं गप्प आहे, या दोन गोष्टींत आमच्या घराला कधी फरकच करता आला नव्हता.

मला माहीत होतं, कारण आम्ही एकाच घोंगडीवर निजायचो. तो एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडायचा. अंग चटका बसावा इतकं तापलं होतं. उजेड पडला की तो भिंतीला धरून ओसरीवर जाई आणि तिथं शहाण्यासारखा बसून राही. आत्या जवळून गेली की हसे. ते हसू मला आजही दिसतं. सांगितलं तर सळई, तीही खोल, आणि पाय मलाच धरायला लागणार. नाही सांगितलं तर काय होईल, ते मनात आणायचीही हिंमत नव्हती. त्या वयात मला मरण मेंढरांचं माहीत होतं. आधी खाणं सुटतं, मग डोळे आत जातात, मग मान टाकतात. केशाचं खाणं सुटलं होतं, आणि डाग दिल्याच्या तिसऱ्या दिवशी मी त्याच्या डोळ्यांकडं पाहिलं.

मी मायपाशी जाऊन बसले. ती भाकरी थापत होती. मी काहीच बोलले नाही, नुसती तिच्या पदराचा काठ चुरगाळत राहिले. तिनं एकदा ओसरीवर बसलेल्या केशाकडं पाहिलं, एकदा अंगणात धान्य पाखडणाऱ्या आत्याकडं. मग हात न थांबवता म्हणाली, “बापाला भाकरी नेऊन दे.” आबांची भाकरी सकाळीच गेली होती. तिनंच बांधून शेजारच्या माणसाबरोबर पाठवली होती, माझ्यासमोर. मी तोंड वर करून तिच्याकडं बघितलं. तिनं तव्यावरची गरम भाकरी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “जल्दी जा.” तेव्हा मला कळलं की मायलाही सगळं दिसत होतं, आणि तिलाही भीती वाटत होती. मोठ्या माणसांना भीती वाटते हे कळणं लहान माणसाला फार जड जातं. मी पळत सुटले.

कळप डोंगराच्या पायथ्याला होता. वाटेत एक कोरडा ओढा, पलीकडं ज्वारीचं नुसतं बुडखं उरलेलं रान, आणि पायात चप्पल नाही. दुसऱ्या कुणाच्या मेंढवाड्यावरची कुत्री अंगावर आली, एरवी मी तिथंच भोकाड पसरलं असतं. कुत्र्यांपेक्षा मोठी भीती मागं होती म्हणून मी त्यांच्यामधून गेले. आबा बाभळीखाली लोकर कातरत बसले होते. त्यांना मी सगळं सांगितलं, शप्पत मोडली हेही सांगितलं. त्यांनी मला दोनच गोष्टी विचारल्या, पाय पोटाशी घेतो का आणि लघवीला जातो का. मग हातातली मेंढी सोडून दिली. अर्धी कातरलेली, एका अंगानं उघडी, ती तशीच कळपात पळाली. आबांनी कातरायला घेतलेलं मेंढरू अर्धं सोडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. कळप सोबतच्या मेंढपाळाच्या हवाली करून ते निघाले. मला त्यांच्यामागं धावावं लागत होतं.

आम्ही पोचलो तेव्हा चूल पेटलेली होती आणि सळई तिच्यात होती. केशा ओसरीवरून खाली कोसळला होता, मायनं त्याला आत आणून निजवलं होतं. आत्या घामानं डबडबलेली, पदर खोचून चुलीपुढं बसली होती. केशा भिंतीला चिकटून, दोन्ही हातांनी पोट झाकून पडला होता. आबांनी त्याच्या पोटावर तळवा ठेवला. पोट पाटीसारखं कडक झालं होतं. “दुखून राह्यलं का रे?” त्यांनी विचारलं. केशानं चुलीकडं पाहिलं आणि मान हलवली. “न्हाई.”

आबा उठले. चुलीतून सळई काढली आणि पाण्यानं भरलेल्या हंड्यात घातली. चर्र असा मोठा आवाज झाला, घरभर वाफ आली. आत्या किंचाळलीच, की काहून विझवली, लेकराला अजून एक डाग लागंल, मंग बराबर आराम पडंल. आबा तिच्यापुढं आयुष्यात कधी वर मान करून बोलले नव्हते. तेव्हाही त्यांनी आवाज चढवला नाही.

“अक्का,” ते म्हणाले, “कळपातलं मेंढरू दुखणं लपवतं ते लांडग्याच्या भ्यानं. आपल्या घरात लांडगा कोण हाय?”

आबा केशाजवळ बसले आणि त्याला म्हणाले, की सळई विझली, तुला कुणी हात लावणार नाही, आता वरड. केशा आधी हंड्याकडं बघत राहिला. मग त्याचं तोंड उघडलं. त्या घराच्या भिंतींनी असा आवाज ऐकला नसेल. किती दिवसांचं साचलेलं होतं कोण जाणे, तो ओरडतच राहिला, आणि मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते, आणि मला आनंद होत होता. इतकी घाबरलेली असूनही आनंद होत होता, कारण आता हे फक्त मला माहीत असलेलं राहिलं नव्हतं.

बाजाराची माणसं नेणारी जीप होती, तिच्यातून आम्ही निघालो. आत्या न विचारता आत येऊन बसली, तिला उतर म्हणायचं कुणाला सुचलं नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी पोटाला हात लावताच जालन्याला न्या म्हणून सांगितलं. खड्ड्यांतून जीप आदळली की केशा ओरडे, आणि दर वेळी आत्याचा हात त्याच्या तोंडाकडं जाई आणि अर्ध्यावर थांबे. राजूर आलं तेव्हा देवळाकडं तोंड करून तिनं हात जोडले. ओठ हलत होते, काय मागत होती ऐकू आलं नाही. पुढं एका ठिकाणी केशाचं ओरडणं थांबलं. एरवी ज्या शांततेचं आमच्या घरात कौतुक व्हायचं, तीच शांतता जीपमध्ये पसरली आणि आत्यानं त्याचे गाल चापटायला सुरुवात केली. “वरड रे,” ती म्हणत होती, “वरड की माझ्या राजा.” मी त्याच्या पायांकडं बघत बसले होते. मग पाय हलले.

आतडं फुटलं होतं, पोटात पू झाला होता, असं डॉक्टरांनी आबांना सांगितलं. आणखी उशीर झाला असता तर त्यांनी हातच लावला नसता. ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. कुठं तरी भांडी वाजत होती, रॉकेलचा आणि औषधाचा वास येत होता. बऱ्याच वेळानं आत्यानं मला विचारलं, की त्यानं मला काहून सांगितलं नाही. ती खरंच विचारत होती. तिला ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, “तुला भ्यायलता.” तिनं मला मारलं नाही, रागावलीही नाही. पदराची गाठ सोडली, त्यात एक खारीक होती, ती तिनं माझ्या हातावर ठेवली. मला ती खाता आली नाही.

केशा वाचला. आता साठीकडं आला आहे, पोट सुटलं आहे, आणि त्या पोटावर उभी शिवण आहे आणि शिवणीशेजारी गोल डाग. त्या दिवसानंतर आत्यानं माणसांना डाग देणं सोडलं. लोक रागावले, पोरं दुसऱ्या गावाला नेऊ लागले. सळई मात्र खुंटीला तशीच होती, मेंढरांसाठी. आता मी राहते त्या नवीन जालन्यात, आमच्या खालच्या मजल्यावर एक लहान पोरगं आहे, ते गुडघा खरचटला तरी सगळी इमारत डोक्यावर घेतं. त्याची आई माझी माफी मागते. मी तिला म्हणते, ओरडू दे. तिला वाटतं मी समजूतदार म्हातारी आहे. मला फक्त गप्प पोरांची भीती वाटते.

आत्या गेली त्याला बरीच वर्षं झाली. शेवटी तिच्या हाडांत दुखणं शिरलं होतं. केशानं तिला जालन्याला आणून दवाखान्यात ठेवलं होतं, सकाळचा डबा घेऊन मी जायचे. डॉक्टर रोज विचारत, आजी दुखतं का, आणि ती रोज म्हणे, सोसतं. मग ते पुढच्या खाटेकडं जात. एका सकाळी तिच्या कपाळावर घाम होता आणि ओठातून रक्त आलं होतं, ते पाहून केशा तिच्या तोंडाजवळ वाकला. “आत्या,” तो म्हणाला, “सळई विझली. आता सांग.” तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग इतक्या हळू बोलली की मला ओठांवरूनच समजलं.

“सोसंना रे केशा.”

आणि लगेच घाबरून तिनं दाराकडं पाहिलं. “कुणी ऐकलं का?” तिनं विचारलं. केशा डॉक्टरांना हाक मारत बाहेर पळाला होता, त्याचा आवाज सगळ्या मजल्यावर ऐकू येत होता. तिच्या खाटेपाशी मी एकटीच होते. मी ऐकलं होतं. तिच्या डोळ्यांत तेच होतं जे चुलीपुढं आणलेल्या पोरांच्या डोळ्यांत असायचं. मी डबा खाली ठेवला आणि तिच्याजवळ बसले. लहानपणी तिनं मला पाय धरायला शिकवलं होतं. त्या दिवशी मी तिचा हात धरला, आणि डॉक्टर येईपर्यंत ती मोठ्यानं ओरडत होती.